घरच्यासारखा

सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाने केसपेपरवर लिहायला पेशंटचं पूर्ण नाव विचारलं. गॅरेजमालक म्हणाला, ‘बारक्या.’ पूर्ण नाव? मालक गप्प. तीन वर्षं पोरगा त्याच्या हाताखाली होता, त्याच्याच घरी जेवत होता, आणि मालकाला त्याचं आडनाव माहीत नव्हतं.

टेम्पो जॅकवर घेतला होता, खाली स्टँड लावला नव्हता. जॅक बसला आणि बारक्याच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मालक माझ्या ओळखीचा. त्याने रात्री फोन केला, कारण कामगार कायद्याची कामं मी बघतो. पहिलं वाक्य हेच, ‘साहेब, तो घरच्यासारखा आहे हो, तो कुठे कामगार?’

हायवेच्या कडेला असलेल्या प्रत्येक गॅरेजात मी हा शब्द ऐकतो. घरच्यासारखा, म्हणून नेमणूकपत्र नाही. घरच्यासारखा, म्हणून हजेरी नाही, पगाराची पावती नाही. घरच्या माणसाचं बोट गेलं तर त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कमाईचं काय, हे मात्र कोणी बोलत नाही.

कायदा ते १९२३ पासून बोलतोय. कामगार नुकसानभरपाईचा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण गाभा तोच आहे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. माणूस एकच ठेवलाय ही सबब चालत नाही. ‘त्याचीच चूक होती’ हीसुद्धा नाही. निष्काळजीपणा माणसाच्या हातून होतोच, हे कायद्याने धरूनच ठेवलंय.

आकडा ऐका. वय २०, पगार महिना १२,००० रुपये. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. विसाव्या वर्षासाठी तक्त्यातला गुणक २२४. गुणाकार १६,१२,८००. अख्खी तर्जनी गेली की कमावण्याची ताकद १४ टक्के गेली असं परिशिष्टात लिहिलंय. म्हणजे २,२५,७९२ रुपये. अंगठा असता तर ३० टक्के, ४,८३,८४० रुपये. औषधपाण्याचा खर्च वेगळा. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

मालकाचा चेहरा उतरला. मग त्याच्या मेव्हण्याने तोडगा काढला. पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायचा, पोराच्या हातावर तीस हजार ठेवायचे आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून अंगठा घ्यायचा. उजव्या हाताचाच अंगठा, तो अजून शाबूत होता. तो कागद रद्दी आहे. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा करार कायद्याने बाद ठरवलाय. तीस हजार जातील आणि दावा उभाच राहील.

दहा माणसं असली की कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते आणि हा भार तिकडे जातो. चार माणसांच्या गॅरेजला ती आपोआप लागू होत नाही, तिथे मालकाने कामगार भरपाईचा विमा स्वतः उतरवायला हवा. गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीखाली झोपलेला तुमचा मिस्त्री बसत नाही. कंप्रेसरचा विमा असतो, शटरचा असतो. माणसांचा विचारला की ‘बघू’.

आता उचल. मिस्त्री आला की आधी वीस हजार उचल मागतो, मालक देतो. तिथवर ठीक. पण ‘उचल फिटल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही’ म्हणून त्याचं आधार कार्ड गल्ल्यात ठेवलंत, तर तुम्ही १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याच्या दारात उभे आहात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. पैसे वसूल करायला दिवाणी कोर्ट आहे. माणूस गहाण राहत नाही.

घरच्यासारख्या पोराचा जुळा भाऊ म्हणजे ‘आपलंच’ गिऱ्हाईक. इंजिन खोला म्हणतो, तोंडी. बिल बघून म्हणतो, एवढं कोणी सांगितलं होतं? जॉब कार्डवर काम, अंदाज आणि सही घेतलेली नसेल तर तुमच्याकडे सांगायला काही नाही. बिल मिळेपर्यंत गाडी अडवण्याचा हक्क आहे, करार कायद्याचं १७० वं कलम, १८७२ पासूनचं. पण तो त्याच गाडीच्या त्याच कामापुरता. गेल्या दिवाळीची उधारी म्हणून आज ऑइल बदलायला आलेली गाडी ठेवून घेता येत नाही. उधारी कबूल केलीत की हक्क संपला. किल्ली दिलीत की तेव्हाही संपला.

आणि अडवलेली गाडी जपायची जबाबदारी तुमचीच. पावसात उघडी ठेवून तिचं वायरिंग गेलं तर तेच गिऱ्हाईक तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाईल.

बारक्याच्या मालकाने पैसे दिले. एकरकमी नाही, बायकोचे दागिने बँकेत ठेवून दोन हप्त्यांत, कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे भरून. हे मुद्दाम सांगतो, कारण पोराच्या हातात परस्पर दिलेली रक्कम उद्या भरपाईत धरली जाईलच याची खात्री नसते.

मागच्या महिन्यात त्याने विमा एजंटला बोलावलं, मीही होतो. अर्जात कामगारांची संख्या लिहिली, चार. एजंटने वयं विचारली. मालकाने आत हाक मारली, ‘अरे, तुमची वयं सांगा रे.’ चौघांनी ग्रीस पुसत सांगितली. एकाचं तेरा निघालं. चौदाच्या आतलं पोर कामावर ठेवणं म्हणजे सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही, आणि पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. पोराला त्याच दुपारी मालक स्वतः स्कूटरवर बसवून घरी घेऊन गेला. सोमवारी त्याचं नाव सातवीच्या हजेरीत होतं, आडनावासकट.