डावं-उजवं

जिममधले आरसे सौंदर्य न्याहाळण्यासाठी असतात असा ज्यांचा समज आहे, त्यांनी खांद्यावर बार घेऊन एकदा त्या आरशांसमोर खाली बसून पाहावं. मी बसतो तेव्हा माझा उजवा गुडघा बाशिंग बांधून पुढे धावतो. डावा पत्रिका जुळायची वाट बघत मागेच रेंगाळतो आणि उठायची वेळ आली की लाजून आत वळतो.

आमचा ट्रेनर वयानं माझ्या निम्मा. सत्य गोड करून सांगायची सवय त्याला अजून लागलेली नाही.

“सर, तुमचे दोन गुडघे वेगवेगळे जातायत.”

“पण आहेत दोन्ही माझेच.”

“तेच ना. दोघांना एकत्र आणायचंय.”

असं वाक्य मी आजवर फक्त भावकीच्या जमिनीबद्दल ऐकलं होतं.

व्याधी जाहीर झाली की उपाय सांगणाऱ्यांची रांग लागते. शेजारच्या रॅकवरच्या कॉलेजकुमारानं गुडघ्यांवर रबरी बँड चढवायला सांगितलं. बायको म्हणाली, “बसस्टॉपवरही तू एकाच पायावर भार टाकून उभा असतोस. लग्नाआधीपासून बघतेय मी.” म्हणजे पुरावा इतकी वर्षं हातात होता, सादर आत्ता झाला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर विषयच निकालात काढला. “आम्ही तालमीत शेकड्यानं बैठका मारल्या. गुडघा कुठं चाललाय हे बघायला वेळ होता कुणाला?”

काकांचं खोटं नव्हतं. आपल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो. त्यामुळे टाच टेकलेली असताना घोटा किती वाकतो, ही परीक्षाच होत नाही. बार्बेल स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला चिकटलेली हवी. मग गुडघा पुढे न्यायचा तर घोट्याला वाकावंच लागतं. तालमीत जन्मभर झाकून राहिला असता असा घोटा जिममध्ये पहिल्या आठवड्यातच उघडा पडतो.

गुडघा बहुतेक वेळा निर्दोष असतो. वाकायचं आणि सरळ व्हायचं, एवढंच मुख्यतः त्याचं काम. त्यानं कुठल्या दिशेला जायचं हे वरून खुबा आणि खालून घोटा ठरवतात. भांडण त्या दोघांचं, आरशात बदनामी मधल्याची.

तपास सुरू झाला. आधी किरकोळ संशयित. बार खांद्यांवर मध्यावर आहे का? सव्वासात फुटांचा, २० किलोचा बार जरा एका बाजूला सरकला, तरी धड भरपाई करायला कलतं. बार सुटला. पावलं एका रेषेत आहेत का? एक पाऊल नकळत मागे राहिलं, तर त्याच्यावरचा गुडघाही मागेच दिसणार. रबरी मॅटच्या कडेला दोन्ही अंगठे लावून पाहिले. पावलंही सुटली. मग ट्रेनरनं मोबाइलवर मागून चित्रण केलं. त्यात मी खाली पोहोचलो की माझं बूड सावकाश उजवीकडे सरकत होतं. हा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर जाऊ नये, एवढीच माझी त्या वेळची महत्त्वाकांक्षा होती.

शेवटी त्यानं माझ्या दोन्ही टाचांखाली एकेक पातळ प्लेट सरकवली आणि म्हणाला, “बसा.” दोन्ही गुडघे चक्क जोडीनं पुढे गेले! टाच उंचावली की घोट्याला कमी वाकावं लागतं. एवढ्यानं चाल सुधारली तर खोट घोट्यात असण्याची शक्यता मोठी. नाही सुधारली, तर चौकशी खुब्याकडे न्यायची. शहानिशा भिंतीपाशी झाली. पाऊल भिंतीपासून थोडं दूर ठेवायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. उजवा पाय दहा सेंटीमीटरवरून आरामात टेकला. डाव्याला त्याच्या निम्मं अंतरही झेपेना. शाळेत कबड्डी खेळताना मुरगळलेला आणि आंबेहळदीच्या दोन लेपांनंतर ‘बरा झाला’ म्हणून जाहीर झालेला हाच तो घोटा. खोट डाव्यात, आणि जादा भार इतके दिवस उजवा वाहत होता. सरकारी नोकरी केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उपायात रोमहर्षक असं काहीच नाही. रोज भिंतीशी उभं राहून डावा गुडघा पुढे-मागे न्यायचा. टाच उचलायची नाही, पावलाची कमान ढासळू द्यायची नाही. मग एकेका पायाचे स्प्लिट स्क्वॉट. सुरुवात कच्च्या पायानं करायची आणि तो जितके काढेल तितकेच पक्क्यानं काढायचे. उजव्याला हा समाजवाद मान्य नव्हता, पण त्याचं मत कुणी विचारलं नाही. सगळ्यात कडू मात्रा शेवटची, वजन उतरवायचं. रिकामा बार घेऊन तीन मोजत खाली, तळाशी क्षणभर थांबा, मग वर. गुडघ्यांची फाटाफूट झाली की सेट तिथेच संपला. शेजारी तो कॉलेजकुमार शंभर किलो घेऊन हुंकारत असतो आणि मी बालवाडीतल्या आवाजात “एक... दोन... तीन...” म्हणत असतो.

एवढं करूनही बरोबरी पूर्ण होत नाही, कारण मालच मुळात एकसारखा आलेला नाही. यकृत उजवीकडे, हृदय डावीकडे कललेलं, उजव्या फुप्फुसाचे खंड तीन तर डाव्याचे दोन. खुब्याच्या दोन वाट्यासुद्धा हुबेहूब नसतात. त्यामुळे कुणी एक पाऊल किंचित जास्त बाहेर वळवून बसत असेल, तर त्याला छळू नये. १९२० च्या दशकात हेन्री स्टाइनबॉर्न नावाचा जर्मन पहिलवान रॅकशिवायच स्क्वॉट मारायचा. अवजड बार एका टोकावर उभा करायचा, कलून त्याच्याखाली शिरायचा आणि तो खांद्यावर पाडून घ्यायचा. त्याच्या स्क्वॉटची सुरुवातच तिरपी!

ट्रेनरचा निकष सोपा आहे. दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. दुखत नसेल आणि वजनाबरोबर फरक वाढत नसेल, तर उरलेला फरक आपलाच म्हणून ठेवून घ्या.

हे सगळं मी आईला भिंतीशी गुडघा टेकवत सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, समचरण असा एक पंढरीचा विठ्ठल. आणि त्यालाही अजून कुणी खाली बसायला सांगितलेलं नाही.”