कोणत्या मार्गे?

एसटीचा कंट्रोलर निवृत्त होऊन घरी बसला तरी त्याच्या डोक्यातली चौकशीची खिडकी बंद होत नाही. महाड-पोलादपूरकडे असा एखादा तरी शेजारी असतोच. पुण्याहून मुलगी माहेरी आली की आई विचारते, दमलीस का, हा विचारतो, "वरंधनं आलीस की ताम्हिणीनं?" मुलगी पिशवी घेऊन दारात उभी आहे, म्हणजे ती पोहोचली, एवढा पुरावा त्याला पुरत नाही.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. वरंध बंद पडला की पुण्याची गाडी माणगावावरून ताम्हिणीला काढायची, आंबेनळीत दरड आली की महाबळेश्वरला निघालेल्या पाहुण्यांची पोलादपूर स्टँडवर समजूत घालायची, यात ज्याची नोकरी गेली, त्याला सरळ रस्ता हा अपवादच वाटणार.

आमच्या शेजारच्या काकांना पुतण्यानं जुना लॅपटॉप दिला आणि पायथन शिकवलं. काकांनी पहिलं काम काढलं पावसाचं. रोज सकाळी तालुक्याच्या पावसाचा तक्ता आपोआप उतरवून घ्यायचा. सावित्री किती चढेल याचा हिशोब महाडचा माणूस चहाच्या आधी करतो, त्यामुळे घरातूनही हरकत आली नाही.

पुतण्यानं पायथनची रिक्वेस्ट्स नावाची लायब्ररी वापरून चार ओळी लिहून दिल्या. चालवल्या. उत्तर आलं २००, म्हणजे सगळं ठीक. पीडीएफ म्हणून जपून ठेवलेली फाइल काही उघडेना. शेवटी काकांनी ती नोटपॅडमध्ये उघडली, तर आत लॉगिनचं पान! पत्ता एचटीटीपीचा दिला होता. तिथून ३०१ देऊन एचटीटीपीएसवर पाठवलं, तिथून पुन्हा ३०१ देऊन सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या पत्त्यावर, आणि तिथून ३०२ देऊन लॉगिनच्या दारात. ते दार अगदी व्यवस्थित उघडलं, म्हणून २००.

"गाडी पोहोचली म्हणतोस, पण कुठल्या स्टँडला?" काका म्हणाले.

पुतण्यानं दाखवलं की उत्तराच्या हिस्टरीत मधले सगळे थांबे असतात आणि यूआरएलमध्ये शेवटचा पत्ता. काकांचा पारा आणखी चढला. "म्हणजे नोंद आहे, आणि कुणी बघत नाही?" त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक विनंतीत 'अलाऊ रिडायरेक्ट्स'पुढे 'फॉल्स' आलं. समोरून तीनशेच्या घरातला आकडा आला की गाडी उभी. लोकेशन हेडर वाचायचा, वहीत उतरवायचा, काका मान डोलावतील तेव्हाच पुढची विनंती सुटणार.

या वहीमुळे मला ते आकडे एकदाचे समजले, हे मान्य करायला हवं. ३०१ म्हणजे कशेडीचा बोगदा: मार्ग कायमचा बदलला, आता वेळापत्रकच नवं छापा. ३०२ म्हणजे दरड: आज इकडून जा, उद्या पुन्हा जुन्याच रस्त्याला विचारा. सर्वांत जास्त राग मात्र त्यांना फॉर्म पाठवताना आला. पोस्टनं माहिती पाठवली, वाटेत ३०२ लागला, की रिक्वेस्ट्स पुढची विनंती मुकाट्यानं गेट करून टाकतं आणि सोबतची माहिती जागीच राहते. ब्राउझरही वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत. "गाडी वळवली ते समजू शकतो. पण टपावरचं सामान का उतरवलं?" सामानासकट वळवायला ३०७ आणि कायमचं सामानासकट वळवायला ३०८ असतो, हे कळल्यावर काकांनी ते दोन आकडे लाल शाईनं लिहिले.

पत्त्यावरून मजकूर आणणाऱ्या कर्ल या कमांडवर त्यांचा विशेष जीव. ते रिडायरेक्टमागे आपणहून जातच नाही. उणे-एल लिहून दिलं तरच हलतं. आणि उणे-एल देऊनही, वाटेत दुसऱ्याच यजमानाकडे पाठवलं, तर आपलं युजरनेम-पासवर्ड त्याला दाखवत नाही. "हा आमच्या वेळचा कंडक्टर," काका कौतुकानं म्हणाले. एकच तक्रार: उणे-एल दिल्यावर तो पन्नास वळणं खपवून घेतो. रिक्वेस्ट्स तीस घेतं. १९९६ सालच्या एचटीटीपी १.० च्या कागदात पाचांच्या वर आपोआप जाऊ नये असं स्पष्ट लिहिलं होतं आणि पुढे १९९९ मध्ये ती मर्यादा काढून टाकली, हे पुतण्यानं सांगायला नको होतं. काकांनी पाच पुन्हा लागू केले. त्यांच्यापुरते.

घरात याचे पडसाद उमटले. भाचीच्या लग्नाचा हॉल बदलल्याचा फोन आला, तर यांनी व्याह्यांना विचारलं, "बदल कायमचा की तात्पुरता?" समोर बराच वेळ शांतता. काकूंनी फोन ओढून घेतला.

परवा मात्र वेगळंच झालं. एका संकेतस्थळानं कुकी हातात देऊन पुन्हा त्याच पत्त्यावर पाठवलं. काकांची स्क्रिप्ट प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र विनंती करत असल्यामुळे मिळालेली कुकी तिथंच टाकून रिकाम्या हातानं परत जायची. दाराशी पुन्हा तेच: ही घ्या कुकी, पुन्हा या. नेहमीसारखं रिक्वेस्ट्सवर सोपवलं असतं तर त्यानं कुकी सांभाळून पुढे नेली असती.

"काका, सेशन वापरा. तिकीट फाडून घेतलं की खिशात ठेवायचं असतं," पुतण्या म्हणाला. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट पुतण्याकडून ऐकून घेताना काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाचव्या वळणावर अडकलेली स्क्रिप्ट थांबवून वहीत वळणदार अक्षरात लिहिलं: "फेरी रद्द. कारण: प्रवासी विनातिकीट."