बंपरला गंज चढत नाही

चाकणच्या कारखान्यातून नवी गाडी बाहेर पडायच्या आधी तिला पांढऱ्याशुभ्र नळ्यांच्या बोगद्यात उभी करतात. पत्र्यावर कुठे केसाएवढी रेघ, कणभर फोड, रंगाचा ओघळ दिसतो का, हे बघायला माणसं नेमलेली असतात. हातमोजा घालून पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटाने हुडकायचा, ही या पट्ट्यातली पोटापाण्याची नोकरी आहे.

तीच गाडी दोन वर्षांनी भाड्याने मिळते, तेव्हा तिची तपासणी वाकड-ताथवड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या तळघरात होते. रात्री साडेदहाला, मोबाइलच्या टॉर्चवर. गाडी द्यायला आलेला पोरगा एका हाताने टॉर्च आणि दुसऱ्या हाताने सहीचा स्क्रीन पुढे करतो. ‘काही नाही सर, छोटे-मोठे स्क्रॅच आहेत, आपल्याला माहितीयेत. सही करा.’ परत देताना तोच पोरगा भर उन्हात गुडघ्यावर बसतो, मान तिरकी करतो आणि बंपरच्या पोटाखालून असा एक ओरखडा काढून दाखवतो की तो पाहायला गाडीच्या जन्मदात्यांनाही आडवं व्हावं लागलं असतं.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ चाकणला पेंट शॉपमध्ये आहेत. कंपनीची बस दाराशी येते, म्हणून स्वतःची गाडी घेतलेली नाही. भाचीच्या लग्नाला कराडला जायचं म्हणून त्यांनी सेल्फ-ड्राइव्हची हॅचबॅक घेतली. लग्न लागलं, गाडी परत गेली आणि सोमवारी मोबाइलवर आहेराची यादी आली. बंपरवर ओरखडा, साडेपाच हजार. डाव्या दरवाजाला पोचा, चार हजार. दुरुस्तीसाठी गाडी चार दिवस उभी राहणार, त्याचं भाडं सात हजार दोनशे. इंधन कमी, अकराशे चाळीस. एकूण सतरा हजार आठशे चाळीस. पाच हजारांची अनामत जप्त, बाकीचे ‘लवकरात लवकर’ भरा. खाली हात जोडल्याचं चित्र.

इंधनापासून सुरुवात करू, कारण तिथे गणित आहे. घेताना मीटरवर पाच काड्या, देताना चार. टाकी ३७ लीटरची आणि एकूण काड्या आठ. म्हणजे काडीला साडेचार-पावणेपाच लीटर. आजच्या भावाने पाचशेच्या आतबाहेर. उरलेले सहाशे-साडेसहाशे कसले? ‘रिफ्युएलिंग सर्व्हिस’चे. पंप गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथवर गाडी नेऊन आणण्याची एवढी मजुरी पेंट शॉपमध्ये कंत्राटी कामगाराला पाळीभर उभं राहिल्यावर मिळते.

शिवाय ती काडी खरी होती का, हा वेगळाच प्रश्न. टाकीत एक तरंगता गोळा असतो. त्याच्या वरखाली होण्यावर मीटर चालतो. गाडी उतारावर उभी असली की पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि गोळा खोटं बोलतो. गाडी तळघराच्या उतारावर दिली आणि सपाट आवारात घेतली. ‘जेवढं होतं तेवढं परत द्या’ हा नियम ऐकायला फार प्रेमळ वाटतो, पण ‘जेवढं’ म्हणजे किती, हे त्या गोळ्याने ठरवायचं. टाकी भरून द्या आणि भरून घ्या, यात भांडायला जागाच उरत नाही. म्हणूनच बहुधा तो पर्याय सहसा कुणी देत नाही.

मग दरवाजा. गृहस्थांनी जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं आणि थेट भाडेकंपनीच्या आवारात जाऊन उभे राहिले. यंत्र मुठीत मावणारं. पत्र्याला टेकवलं की टिक वाजतं आणि मायक्रॉनमध्ये आकडा येतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन रंग असतो. उजव्या दरवाजाला टिक: ११८. बॉनेटला टिक: १२४. डाव्या दरवाजाला टिक: ३४०.

‘काका, हे काय काढलंत?’ मॅनेजर.

‘बाळा, हा दरवाजा आधी एकदा पुट्टी मारून रंगवलेला आहे. पुट्टी बसली, म्हणून जुना पोचा वर आलाय. आमच्याकडे असलं काम केलं तर लाइन थांबते.’

मॅनेजरने दरवाजा सोडला. पोचा कुणाच्या हातून पडला आणि त्याचे पैसे याआधी किती जणांनी भरले, ते त्यानेही सांगितलं नाही.

बंपरवर मात्र यंत्राने मान टाकली. ते पत्र्यावर चालतं आणि बंपर प्लास्टिकचा. या सगळ्या धंद्याची मेख इथेच आहे. पत्र्यावरचा ओरखडा स्वतःचं वय सांगतो. एखादा पावसाळा गेला की त्याच्या कडा तांबूस होतात. भोसरीतला कुठलाही डेंटर नखाने खरवडून ‘हे जुनं आहे’ म्हणेल. बंपरला गंज चढत नाही. त्यावरचा ओरखडा कालचा की परवाच्या दिवाळीतला, हे देवालाही सांगता येत नाही. असा ओरखडा चिरतरुण असतो, दर शनिवार-रविवारी नव्याने पडतो आणि दर सोमवारी त्याचं बिल निघतं. तो बुजवण्याचा मूर्खपणा कोण करेल? बुजवला तर उत्पन्न बुडेल.

हे फक्त आपल्याकडेच, असं समजून कुणी शरमेने मान खाली घालू नये. युरोपात तक्रारींचा एवढा ढीग झाला की २०१५ मध्ये युरोपीय आयोगाने मध्ये पडून पाच बड्या भाडेकंपन्यांकडून इंधन आणि नुकसानीच्या आकारणीत सुधारणा कबूल करून घेतली. अमेरिकेत हर्ट्झ या भाडेकंपनीने २०२५ मध्ये विमानतळावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्कॅनर बसवले. चाकावरच्या इंचभर खरचटण्याचं एका ग्राहकाला ४४० डॉलरचं बिल गेलं. त्यात दुरुस्ती २५० ची, बाकी १९० ‘प्रक्रिया’ आणि ‘प्रशासन’ यांचे. यंत्र आलं म्हणून बिलातली कलाकारी गेली, असं झालं नाही. आपला टॉर्चवाला पोरगा निदान चहा तरी विचारतो.

आता गाडीची नंबरपाटी बघा. चालकाविना भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. गोव्यात अशा पाट्या रस्तोरस्ती दिसतात. आपल्याकडे रावेत-मोशीच्या भागात भाड्याने मिळणारी गाडी पुष्कळदा पांढऱ्या पाटीची, म्हणजे कुणाची तरी घरची असते. कारण सोपं आहे. १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. चार गाड्या कर्जावर घेतलेल्या माणसाने पन्नास कुठून आणायच्या? तो परवान्याच्या वाटेलाच जात नाही. पण खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘भाड्याने दिल्यास लागू नाही’ हे कलम असतं. म्हणजे खरोखर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार, हे त्याला पक्कं माहीत असतं. मग त्याची विमा कंपनी कोण? तुम्ही. तुमची अनामत हा त्याचा हप्ता आणि तुमच्या आधीचे-नंतरचे सगळे भाडेकरू मिळून त्याचा दावा भागवतात. त्याच्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. थोडीच, कारण ज्या कंपन्यांकडे परवाना आहे, काळी पाटी आहे आणि रीतसर विमाही आहे, त्यांची बिलं याहून वेगळी नसतात.

‘काका, तुम्ही टर्म्स अ‍ॅक्सेप्ट केल्यात,’ हे मॅनेजरचं शेवटचं अस्त्र. अटी गृहस्थांनी मान्य केल्या होत्या, हे खरं. त्या वाचायला कराडपर्यंतचा रस्ता पुरला नसता, हेही खरं. पण आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुकसान सिद्ध करता येण्याजोगं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं. बंपरच्या दुरुस्तीचं नुकसान सिद्ध कसं होतं? गॅरेजच्या बिलाने. जीएसटी क्रमांक, तारीख, गाडीचा नंबर. बस, एवढाच एक कागद.

गृहस्थांनी तेवढाच मागितला. ‘बंपर रंगवल्याचं बिल पाठवा, लगेच पैसे भरतो.’ दोन दिवस शांतता. मग फोन.

‘काका, बिलाचं काय करायचं? साडेपाचचे दोन करू.’

‘दोन कसे काय? रंग स्वस्त झाला?’

‘बरं, पंधराशे. फायनल.’

मंडईत मेथीच्या जुडीवर अशी घासाघीस चालते. तिथे निदान जुडी हातात मिळते.

उरले चार दिवस उभ्या गाडीचे सात हजार दोनशे. त्याचा निकाल गृहस्थांच्या लेकीने लावला. तिने अ‍ॅप उघडलं आणि ‘वर्कशॉपमध्ये असलेली’ तीच गाडी, त्याच नंबरची, मंगळवारी सकाळी सातपासून भाड्याने उपलब्ध असल्याचा स्क्रीनशॉट काढला. सोबत गाडीचा फोटो. फोटोत बंपर समोरून घेतलेला, पोटाखालून नाही.

तो स्क्रीनशॉट आणि ३४० चा आकडा घेऊन त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला. पुढची पायरीही त्यांनी कंपनीला लेखी कळवून ठेवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय बंगळुरूत असो की गुरुग्रामला. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. त्याच कायद्यात ‘अन्याय्य करारा’ची व्याख्याही आहे, आणि अवाजवी अनामत व नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड ही त्यातली ठळक उदाहरणं. मात्र करारच अन्याय्य ठरवून घ्यायचा तर जिल्ह्याला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. सतरा हजारांसाठी तिथवर कोण जातंय, या हिशेबावरच तर सतराचा आकडा काढलेला असतो. सत्तर काढला असता तर माणूस गेला असता.

आठवड्याभरात अनामत परत आली. ‘गुडविल म्हणून’ असा खुलासा होता. म्हणजे चूक नव्हती, मोठं मन होतं. फक्त पाच हजारांऐवजी चार हजार सातशे पन्नास जमा झाले. अडीचशे ‘कार वॉश’चे. गाडी परत केली त्या दुपारी तळेगाव चौकात धो-धो पाऊस होता, आणि चाकणच्या कोंडीत गाडीने तो तासभर उभ्याने खाल्ला होता. अडीचशेंवरून पत्रव्यवहार सध्या चालू आहे. गृहस्थांनी त्या दिवशीच्या पावसाची नोंद मिळवायला पुणे वेधशाळेला अर्ज केलाय.