सफारीवाले तात्या

पासपोर्ट कोरा आणि भूगोल पक्का, असा एक तरी माणूस तासगावच्या प्रत्येक गल्लीत असतो. नाव काही का असेना, त्याला म्हणायचं तात्या. वय साठीला टेकलेलं, चार-पाच एकर द्राक्षबाग, पोरगा-सून पुण्याला. मागे कुठल्या तरी एका हंगामात बेदाण्याला असा दर लागलेला असतो की त्या रात्री जेवताना तात्यांच्या तोंडून निघून गेलेलं असतं, "आता एकदा भाईर जाऊन यायचं." बाकीचे अशा वेळी दुबईला जातात, उंच इमारतीखाली फोटो काढतात आणि शेव-भडंग खात परत येतात. तात्यांचा पिंड वेगळा. त्यांनी टीव्हीवर मगरीनं विल्डबीस्टचा पाय धरलेला बघितला आणि त्या क्षणी पूर्व आफ्रिका ठरवायला घेतली. ठरवायला. जाणं हा पुढचा विषय.

तात्यांची एक वही असते. पुढून फवारणीचं वेळापत्रक, मागून आफ्रिका. मधल्या पानांवर कुठंतरी द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं औषध आणि मलेरियाच्या गोळ्या शेजारी शेजारी येतात, म्हणून काकू ती वही दवाखान्यात न्यायला देत नाहीत. मागच्या बाजूला केनिया आणि टांझानियाचा नकाशा पेन्सिलीनं काढलेला असतो आणि तो बऱ्यापैकी बरोबर असतो. तारंगीरे कशासाठी? हत्ती आणि गोरखचिंचेची झाडं. मन्यारा? झाडावर चढणारे सिंह. अंबोसेली? मागं किलिमांजारो आणि पुढं हत्ती, पण ढग नसले तर. गोरोंगोरोच्या विवरात सगळं मिळेल पण जिराफ मिळणार नाही, हे तात्या सौद्यात समोरच्याला आडवं पाडायच्या थाटात सांगतात. साव्हो त्यांनी यादीतून काढून टाकलं आहे. १८९८ साली तिथल्या दोन सिंहांनी रेल्वेचा पूल बांधणारे हिंदुस्थानी मजूर खाल्ले होते. "आपलीच माणसं खाल्लेल्या गावात पैसे कशाला घालवायचे?" त्या सिंहांना मारून सव्वाशे वर्षं झाली, त्यांची पेंढा भरलेली कातडी शिकागोच्या संग्रहालयात आहेत, पण तात्यांनी भावकीतला अबोलासुद्धा याहून जास्त टिकवलेला आहे.

सकाळी उठल्यावर तात्या मोबाइलवर आधी सावळजचा पाऊस बघतात, मग सेरेंगेटीचा. यात वेड काही नाही. द्राक्षवाल्याचा अर्धा जन्म आभाळाकडं बघण्यात जातो, त्यात आणखी एक आभाळ वाढलं एवढंच.

खरी अडचण तारखांची आहे. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, बरोबर लाखांनी झेब्रे, असा लवाजमा सेरेंगेटी आणि मसाई मारा यांच्यात वर्षभर फिरत असतो, गवताच्या आणि पावसाच्या मागं. जानेवारीपासून मार्चपर्यंत तो दक्षिणेत असतो आणि फेब्रुवारीच्या सुमारास तिथं लाखोंनी वासरं जन्मतात. बघण्यासारखं दृश्य. पण त्याच वेळी इकडं काढणी, शेडवर माल टाकायचा, बेदाणा झाडायचा, मजुरांच्या टोळ्या धरून ठेवायच्या. एप्रिल आला की खरड छाटणी. मे महिन्यात माणूस जरा मोकळा होतो, तर तिकडं मार्च ते मे मोठा पाऊस. काळ्या मातीत गाडी चाकापर्यंत रुतते. "चिखलात गाडी ढकलायची हौस असती तर मी ओढ्याकडच्या रानात गेलो असतो," हे तात्यांचं म्हणणं. जुलै ते ऑक्टोबर कळप मारा नदी ओलांडतात. हेच ते टीव्हीतलं. सप्टेंबर-ऑक्टोबर फळछाटणीनं खाल्ले. राहिला ऑगस्ट. तात्या दरवर्षी ऑगस्टवर बरोबरची खूण करतात, मग दिनदर्शिका मागतात, आणि मग घरात शांतता पसरते. कारण गणपती कधी मागे कधी पुढे सरकत त्याच खिडकीत येऊन बसतो, आणि ऋषिपंचमीला तासगावचा रथ असतो.

रथ सोडून जायचं? परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळापासूनचा रथ, त्याचा दोर ज्यानं पोरवयापासून धरला त्यानं त्या दिवशी गुलालाऐवजी मसाई मारातली धूळ अंगावर घ्यायची? कुणीतरी सुचवलं की नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथंही गणपती असेल. तात्यांनी त्या माणसाकडं असं बघितलं, की त्यानं चहाचा कप न संपवताच पैसे दिले.

तरी रथ झाल्यावर, छाटणीच्या आधी, आठ-दहा दिवस निघतात. तेवढ्या फटीत आफ्रिका बसते, हे पुण्याच्या पोरानं दाखवून दिलं. तासगावहून मुंबईला जायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात विमान मुंबईहून नैरोबीला उतरतं, हेही दाखवलं. तेव्हा तात्यांनी दर काढला. मसाई मारात परदेशी माणसाला दिवसाचं प्रवेश शुल्क जूनपर्यंत १०० डॉलर आणि जुलैपासून २००. तात्यांनी वही मिटली. "आवक वाढली की दर पडतोय. तिथं जनावराची आवक वाढली की दर दुप्पट. हे कुठलं मार्केट?"

इथं तात्या आणि त्यांचा बेत नीट कळतो. बेदाण्याला दर नसला की माल कोल्ड स्टोअरेजला लावायचा आणि थांबायचं, ही इथली रीत. त्यांनी सफारीही तशीच लावून ठेवली आहे. फरक इतकाच की बेदाण्याचा दर चढायची वाट बघायची असते आणि सफारीचा उतरायची. आणि दोन्ही दर तात्यांचं ऐकत नाहीत. मला याचं नवल वाटतं ते निराळ्या कारणासाठी. हा माणूस दरवर्षी लाखो रुपये लोखंडी अँगल आणि तारेवर टांगतो, एका अवकाळीच्या रात्रीत ते घालवून बसतो, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा टांगतो. त्याला विमानाचं तिकीट काढताना मात्र सिंह दिसण्याची हमी लेखी हवी असते.

काकूंचा विरोध नाही. काकूंचा हिशेब आहे. बिग फाइव्ह म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा, हे त्यांना ऐकून ऐकून पाठ झालं. मग एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "हत्तीण आपल्या रथाम्होरं चाललेली बघितली. बिबट्या वाळव्याकडं उसात निघतोय, रोज पेपरात असतोय. आणि गवा तर सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला हुता. पाचातलं तीन जिल्ह्यातच झालं की. राहिल्यालं दोन बघायला एवढं पैसं?" २०२१ च्या डिसेंबरात तो गवा खरंच सांगलीत आला होता. गवा म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा नव्हे, असं तात्यांनी समजावून बघितलं. काकू म्हणाल्या, शिंगं हायत न्हवं? मगरीचा मुद्दा तर निघायच्या आधीच संपतो, कारण भिलवडी-औदुंबरच्या कृष्णेत मगरी आहेत आणि तिथं धुणं धुणाऱ्या बाया त्या बिनतिकिटाच्या बघतात.

आणि सागरेश्वर? तासगावहून तासाभराच्या अंतरावर, उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून तयार केलेलं अभयारण्य. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरात सांबर, चितळ, काळवीट. कुंपण ओलांडून हरणं आसपासच्या पिकात जातात, म्हणजे बघायला येणाऱ्याला अर्ध्या वाटेवर भेटायची त्यांची तयारी असते. तात्या अजून तिथं गेलेले नाहीत. "ते काय, कधीपण जाता येतंय."

एका गाडीत सहा-सात जण बसले तर खर्च वाटला जातो, म्हणून तात्यांनी मंडळी जमवली: एक अडत्या, एक औषध दुकानदार, एक डॉक्टर, एक निवृत्त गुरुजी. पहिल्या बैठकीत खिडकी कुणाची यावर दीड तास गेला. दुसऱ्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं की उद्यानात गाडीतून उतरायला बंदी असते, मग मधुमेहवाल्यांनी काय करायचं? यावर सगळे गंभीर झाले, कारण मधुमेह चौघांना होता. तिसरी बैठक कपड्यांवर. तात्यांच्या लग्नातला गडद निळा सफारी अजून पेटीत आहे आणि थोडा उसवला तर बसेल असं शिंपी म्हणाला होता. पण निळ्या-काळ्या रंगाकडं तिथल्या त्सेत्से माश्या ओढल्या जातात, असं तात्यांनीच वाचून काढलं, आणि आफ्रिकेसाठी राखून ठेवलेला तो सफारी आफ्रिकेमुळंच बाद झाला. मग सामान. उद्यानात जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. "म्हंजे बेदाण्याची एक पेटी," अडत्या म्हणाला, आणि सगळ्यांना वजनाचा नेमका अंदाज आला. काकूंनी भडंगाच्या पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा कळलं की केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावरच काढून ठेवतात. काकूंनी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या. त्या आता शेडवर वापरात आहेत.

या सगळ्यात एकच गोष्ट खरोखर पार पडली. पूर्व आफ्रिकेला जाऊन यायचं तर पीतज्वराची लस लागते, ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, आणि साठी उलटलेल्यांना ती देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. तात्यांना एकोणसाठावं लागलेलं. मुदत म्हटली की शेतकरी हलतो. तात्यांनी जाऊन टोचून घेतलं, पिवळं कार्ड आणलं, आणि ते आयुष्यभर चालतं हे कळल्यावर समाधानानं देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिलं. घाईचं एकुलतं एक कारण तिथंच मिटलं.

मग गेल्या वर्षी एक वेगळीच गोष्ट झाली. त्या बैठकीतल्या गुरुजींनी काही न बोलता वहीच्या मागच्या पानांचे फोटो काढले होते. पेन्शनीतून पैसे काढून ते बाईंना घेऊन जाऊन आले. सिंह, चित्ता, नदी ओलांडणारे कळप, सगळं दिसलं. पेढे घेऊन तात्यांकडं आले आणि मोबाइल पुढं केला. तात्यांनी चष्मा लावून एकेक फोटो तपासला.

"हे सेकेनानी गेट."

"हो."

"कुणी सांगितलं तिकडनं शिरायला? तालेकनं जायचं होतं. वहीत लिवलंय मी."

गुरुजींनी चूक मान्य केली. नंतर संध्याकाळपर्यंत तात्या त्यांना त्यांनीच पाहिलेला मसाई मारा समजावून सांगत होते, आणि बाई म्हणतात, खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलेला जास्त चांगला होता.

सध्या वहीत गोरिला आले आहेत. युगांडात परवाना ८०० डॉलर, रवांडात १,५००, आणि दोन्हीकडं गोरिलांजवळ थांबायला मिळतो एकच तास. तात्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून खाली रेघ मारली आहे. "जात एकच, शेजार एकच, आणि दरात सातशेचा फरक. ह्यात काय तरी गोम हाय," ते अडत्याला म्हणाले. "एवढ्यात सौदा करायचा न्हाई. दर पडणार."

अडत्या म्हणाला, बेदाण्याचंही तात्या मागच्या वर्षी असंच काहीतरी सांगत होते.