प्रवेश विनामूल्य

नाटकाचं तिकीट काढलेलं असलं की मराठी घर शिस्तीत वागतं. तीनशे रुपये आधीच गेलेले असतात. अंगात ताप असलेला माणूस गोळी घेऊन निघतो, एरवी उंबऱ्यातून पुन्हापुन्हा आत जाणारी मंडळी तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत असतात, आणि नाटक पडेल निघालं तरी मध्यंतरातला वडा खाऊन सगळे शेवटपर्यंत बसतात. प्रवेश विनामूल्य असला की मात्र सगळं बिघडतं. फुकटच्या कार्यक्रमाला कोणीही ऐनवेळी ‘मीही येते’ म्हणू शकतं, आणि कोणीही ऐनवेळी ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणू शकतं.

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव फुकट आहे. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव थंडी सरता सरता, जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, नऊ दिवस चालतो. दिवसभर काही ना काही चालू असतं, पण रंग भरतो तो ऊन उतरल्यावर. जहांगीर आर्ट गॅलरीजवळचा रस्ता, ज्याचं नाव पाटीवर के. दुभाष मार्ग आणि लोकांच्या तोंडी रॅम्पार्ट रो, तो गाड्यांना बंद होतो. तिथे मांडणशिल्पं उभी राहतात, हस्तकलेचे स्टॉल लागतात. नाचगाणं उघड्यावर, साहित्य डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत, शिवाय सिनेमा, नाटक, वारसा-फेऱ्या, मुलांच्या कार्यशाळा. यातलं बरंचसं एकाच वेळी. आणि आम्ही राहतो डोंबिवलीला.

फॅमिली ग्रुपवर बायकोने नुसतं ‘यंदा जाऊया का?’ एवढंच टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी अंगठा दाखवला. त्यातले दोघे पुण्याला असतात.

पहिलं भांडण वारावरून. रविवार सगळ्यांना मोकळा, पण रविवारी मेगाब्लॉक. तो नेमका कुठून कुठे, हे आदल्या दिवशीचा पेपर वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मध्य रेल्वेवरच्या माणसाचा रविवार शनिवारपर्यंत अधांतरी असतो. मेव्हणा म्हणाला, ‘अगं ताई, जायचंय संध्याकाळी. ब्लॉक चारच्या सुमाराला संपतो.’ बायको म्हणाली, ‘ब्लॉक संपतो रे, गाड्या कधी सुधारतात?’ यावर ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. शनिवार घ्यावा तर मोठ्या वहिनींचा उपास. ‘तिथे मी खाऊ काय?’ या प्रश्नाला एकाही कलाप्रकारात उत्तर नव्हतं. शिवाय शनिवार-रविवारी रॅम्पार्ट रोवर इतकी गर्दी असते की मांडणशिल्प बघायला गेलेला माणूस मांडणशिल्पाचा फोटो काढणाऱ्या माणसाची पाठ बघून परत येतो. शेवटी बुधवार ठरला.

दुसरं भांडण सीएसएमटीपासून पुढचं. चालत वीसेक मिनिटं, फुटपाथ बरा, दोन्हीकडे बघण्यासारख्या इमारती. मेव्हण्याला मात्र भुयारी मेट्रोनेच जायचं होतं. ‘भाऊजी, एकच स्टेशन! हुतात्मा चौकाला उतरायचं.’ जमिनीखाली उतरा, बॅग तपासून घ्या, आणखी खाली उतरा, एक स्टेशन बसा, पुन्हा तेवढं सगळं वर चढा. एवढ्यात चालणारा माणूस पोचून सरबत पितो. पण नव्या गोष्टीबद्दल मेव्हण्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो लिफ्टमध्येही व्हिडिओ काढतो.

तोवर प्रत्येकाने आपापला कार्यक्रम राखून ठेवला होता. आईला भरतनाट्यम. मुलीला रील. बायकोला स्टॉल, ‘फक्त बघायचे आहेत’ या बोलीवर. मला बागेतलं साहित्य. आणि नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ससून ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची आरामखुर्ची. १८७० च्या त्या इमारतीच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत आणि त्यांत वाचता वाचता डोळा लागलेले सभासद हा दक्षिण मुंबईतला एक जुना ठेवा आहे. नाना सभासद नाहीत. ‘बघायला काय हरकत आहे?’ असं त्यांचं म्हणणं.

खरं रामायण झालं ते भेटायच्या जागेवरून. कोणी ऑफिसातून येणार, कोणी चर्चगेटहून, तेव्हा मुलीने लिहिलं, ‘सहा वाजता घोड्यापाशी.’ नाना म्हणाले, ‘तो घोडा भायखळ्याला आहे.’

नानांचं लहानपण भायखळ्यातलं, वय आता ऐंशीच्या पुढे, आणि मुद्दा बिनतोड. १८७९ साली अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला तो पुतळा मुळात घोड्याचा नव्हताच, घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा होता. हाच पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड. जोसेफ बोएम या शिल्पकाराने मेहनत घेतली असणार ती राजपुत्राच्या चेहऱ्यावर. मुंबईने राजपुत्राकडे ढुंकून पाहिलं नाही आणि चौकाला नाव दिलं ते घोड्याचं. स्वातंत्र्यानंतर वसाहतीच्या काळातले पुतळे हलवायची वेळ आली तेव्हा, १९६५ मध्ये, राजपुत्र घोड्यासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. आजही तिथेच आहे. पुढची बावन्न वर्षं काळा घोडा या जागी घोडा नव्हता आणि त्यावाचून कोणाचंही अडलं नाही. लोक तिथे भेटत होते, गाड्या लावत होते. कवी अरुण कोलटकर वेसाइड इन या उपाहारगृहात बसून त्या बिनघोड्याच्या चौकाकडे बघत होते, आणि २००४ मध्ये त्यांचं ‘काळा घोडा पोएम्स’ आलं. आता ते वेसाइड इनही नाही. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर कोणीच नाही. मुंबईला सुरुवातीपासून एवढंच हवं होतं, असं माझं मत आहे.

‘नाना, तो जुना. आता नवा आहे,’ मुलगी म्हणाली.

‘नवा असेल. पण नाव कोणाच्या जिवावर चाललंय?’ नाना म्हणाले. ‘जावईबापू, तुम्हीच सांगा, फास्ट गाडी भायखळ्याला थांबते की नाही?’

थांबते. त्यामुळे आधी भायखळ्याला उतरून खरा घोडा बघायचा, जमल्यास पेंग्विन, आणि मग पुढे काळा घोडा असा एक स्वतंत्र प्रस्ताव तयार झाला. तो पडला, कारण राणीची बाग बुधवारी बंद. शेवटी जहांगीरच्या पायऱ्या ठरल्या. त्या कुठे हलवलेल्या नाहीत, हे नानांनी मान्य केलं.

राहिले दोन प्रश्न. ‘तिथे सोय आहे ना?’ हा आईचा. मोठमोठ्या महोत्सवांच्या रंगीत पत्रिकांत सगळं छापतात, हे छापत नाहीत. खरं तर पहिल्या पानावर ते हवं, कलाकारांची नावं दुसऱ्या. आणि दुसरा प्रश्न थंडीचा. फेब्रुवारीतल्या मुंबईला थंडी म्हणणं हा कोणाही पुणेकराला अपमान वाटेल, पण ‘समुद्रावरचा वारा आहे’ एवढ्या कारणावर आमच्या यादीत शाली, दोन मफलर आणि एक कानटोपी आली.

आणि मग फुकटपणाने आपला गुण दाखवला. वहिनींच्या माहेरी सत्यनारायण निघाला. मेव्हण्याला ऑफिसने थांबवलं. पुण्याचे दोघे आपण अंगठा दाखवला होता हेच विसरले. कोणाचंच काही बुडत नव्हतं, म्हणून प्रत्येकजण अगदी प्रेमाने माघार घेत होता. तेव्हा मुलीने ग्रुपवर लिहिलं : ‘माणशी दोनशे रुपये. आज रात्रीपर्यंत पाठवा. परत मिळणार नाहीत.’

कशाचे, हे तिने लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही. सत्यनारायण पुढे ढकलण्यात आला. मेव्हणा सहाला पाच कमी असताना पायऱ्यांवर उभा होता. पुण्याचे दोघेही आले आणि ‘रिसीट मिळेल का?’ एवढंच बोलले. त्या पैशांतून सगळ्यांचं खाणं झालं. वहिनींनी उपास सोडायचीही वाट बघितली नाही, कारण तो बुधवार होता.

भरतनाट्यम आईने उभ्याने पाहिलं आणि पाय दुखल्याची तक्रार केली नाही. बायकोने स्टॉल फक्त बघितले. पिशव्या मी धरल्या होत्या. नानांना आरामखुर्ची लाभली नाही, पण बागेत एका कवीच्या वाचनात प्लॅस्टिकच्या खुर्चीवरही त्यांनी तेच साधलं.

तुम्हाला जायचं असेल तर मधल्या वारी जा, ऑफिस सुटल्यावर, पाठीवरच्या बॅगेसकट. पत्रिका आधी पाहून एकच कार्यक्रम पक्का करा आणि बाकीचं पायांवर सोडा. आत बसायच्या कार्यक्रमांना जागा मोजक्या असतात, तिथे लवकर पोचा. उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होतात, त्यामुळे घरी जायला लोकल असतेच. फक्त ती डोंबिवलीला थांबते का, तेवढं बघून चढा.