चौथाई बरी होती

मराठ्यांच्या वसुलीविषयी परकीय इतिहासकारांनी पुष्कळ कडवट मजकूर लिहून ठेवला आहे. परंतु त्या वसुलीचा एक सद्गुण त्यांच्या लेखणीतून निसटला, तो असा की ज्याने द्यावयाचे त्याला किती द्यावयाचे ते आधी ठाऊक असे. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. ज्याला अपूर्णांक येत त्याला आपले दुर्दैव घरबसल्या मोजता येई. स्वार वेशीशी येऊन ठेपल्यावर ‘तुमच्या परगण्याची माती फारच चिवट निघाली, सबब आकार सहापट पडेल’ असे कोणी सांगत नसे. आमच्या शहरांतून रात्री-अपरात्री बंद दारे उघडून देणाऱ्यांचा जो नवा सरंजाम अलीकडे उदयास आला आहे, त्याने मात्र ही जुनी, संकुचित मर्यादा झुगारून दिली असून आकारणीचे शास्त्र अशा उंचीवर नेले आहे की, तेथून खाली पाहिले असता पेंढाऱ्यांनाही भोवळ यावी.

या शास्त्राचा पाया लॅच नावाच्या यंत्रावर उभा आहे. जुन्या वाड्याच्या दाराला कडी, कोयंडा आणि अडसर असे; ती सारी माणसाला स्वहस्ते घालावी लागत, आणि म्हणूनच घरधन्याने स्वतःला स्वतःच्या घराबाहेर कोंडून घेण्याची सोय त्या काळी उपलब्ध नव्हती. लॅचचे दार धन्यापेक्षा वाऱ्याचे अधिक ऐकते. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवण्यापुरता उंबरठा ओलांडलेला, बनियनवर आणि अनवाणी असलेला, एरवी कचेरीत साऱ्या खात्याला दरडावणारा गृहस्थ एका झुळुकीसरशी निर्वासित होतो. किल्ली आत, चष्मा आत, पाकीट आत, आणि मंद आचेवर ठेवलेले दूधही आत. शेजारी धावून येतात, प्रथम उपदेश करतात आणि त्यानंतर आपला मोबाईल पुढे करतात. त्यावर ‘जवळचा चावीवाला’ एवढी अक्षरे उमटताच चोवीस तास जनसेवेस वाहून घेतलेल्या पेढ्यांची अशी रांग समोर उभी राहते की, या नगरात दारे कमी आणि ती उघडणारे अधिक, असा कोणाचाही समज व्हावा.

जाहिरातीचे पैसे मोजून या रांगेच्या अग्रभागी आलेला जो क्रमांक असतो, तो पुष्कळदा जवळचाही नसतो आणि चावीवाल्याचाही नसतो. तो भलत्याच एखाद्या शहरातील कचेरीत खणखणतो. तेथील मधुर वाणीची व्यक्ती पत्ता विचारते, कुलपाची जात विचारत नाही, भेटीचे शुल्क फक्त १९९ रुपये असल्याचे कळवते आणि ‘बाकीचं कारागीर बघून सांगेल’ असे म्हणून आपले दलालीचे कर्तव्य संपवते. मग काही वेळाने, ज्याच्या अंगावर कोणत्याही पेढीचे नाव नाही आणि खिशात कोणतेही ओळखपत्र नाही असा एक गंभीर तरुण पिशवी घेऊन अवतरतो. तो दाराकडे पाहतो, मग तुमच्या अनवाणी पायांकडे पाहतो, आणि मग पुन्हा दाराकडे पाहतो. निदान मधल्या दृष्टिक्षेपातच झालेले असते. “साहेब, हे साधं लॅच नाही, ड्रिलच मारावं लागेल,” असे तो खिन्नपणे सांगतो. “मारा, पण लवकर,” असे तुम्ही म्हणता, आणि एवढ्या तीन शब्दांच्या करारपत्राने तुमची स्थावरजंगम त्याच्या स्वाधीन होते. दार उघडते. सिलिंडरचा चुरा फरशीवर पडतो, आणि त्यावर उभे राहून हिशेब सांगितला जातो: भेटीचे वेगळे, ड्रिलचे वेगळे, रात्रीच्या वेळेचे वेगळे, आणि योगायोगाने पिशवीत तयारच असलेल्या नव्या कुलपाचे तर सर्वांहून वेगळे. त्या कुलपाचा बाजारभाव विचारणे अशा समयी असभ्यपणाचे ठरते. पावती मागणे हा तर सरळ अविश्वासच.

येथे दर ठरतो तो श्रमावरून नव्हे, कासाविशीवरून. आणि हे तत्त्व जर सर्वमान्यच झाले असेल, तर महापालिकेने त्याचा रीतसर जाबता एकदा छापून टाकावा, अशी आमची नम्र सूचना आहे. अनवाणी गृहस्थास मूळ दर लावावा. गॅसवर दूध असल्यास दुप्पट, मात्र दुधाऐवजी वरण असल्यास किंचित सूट द्यावी, कारण वरण करपण्यापूर्वी विचार करते. व्याही मंडळी स्टेशनावर उतरली असल्याचे सिद्ध झाल्यास चौपट. पहाटेच्या विमानाने परदेशी जावयाचे असून पारपत्र आत राहिले असल्यास स्त्रीधन वगळून उरलेली मिळकत तारण घ्यावी, आणि आपण वकील असल्याचे जो पहिल्याच वाक्यात सांगेल त्याला बहुधा दुसऱ्या दिवशी येण्यास सांगावे.

वास्तविक या विद्येचा पूर्वेतिहास फार सन्माननीय आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामा याच्या पेढीने १७९० पासून पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवले होते आणि ते किल्लीवाचून उघडून दाखवील त्याला २०० गिनी दिल्या जातील असे जाहीर केले होते. साठ वर्षे लोटली तरी ते कोणास वश झाले नाही. अखेर १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने तेथे आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज नामक अमेरिकन कारागिराने ते उघडले, आणि त्यासाठी त्याला सोळा दिवसांच्या अवधीत ५१ तास खपावे लागले. आमच्या वाचकांनी यातील चातुर्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याहून अधिक कौतुक आम्हाला याचे वाटते की, मोबदल्याचा आकडा कामाच्या साठ वर्षे आधी पाटीवर लिहिलेला होता, आणि काम झाल्यावरही कुलूप शाबूत होते. आमच्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली आणि १८९७ साली मुंबईत, लालबागेत, कुलपांचा कारखाना काढला. त्या काळी माणसे वकिली सोडून कुलपांकडे येत. आता कुलपापासून निघालेला माणूस वकिलाकडे जातो.

कुलूप शाबूत राहण्याची गोष्ट निघाली आहे तर थोडे यंत्रज्ञान सांगणे भाग आहे, कारण सारी लूट या अज्ञानावर चालते. नुसते ओढले जाऊन बसलेले, किल्लीने आणखी फिरवून घट्ट न केलेले जे साधे लॅच असते, त्याची जीभ तिरपी असून ती केवळ स्प्रिंगच्या जोरावर पुढे आलेली असते. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून एखादा लवचिक पातळ पत्रा सरकवून ती मागे रेटणे हे जाणत्या कारागिराला, फट पुरेशी असली म्हणजे, बहुधा जमते. सिलिंडरला स्पर्शही होत नाही. काही नवी, महाग कुलपे खरोखरच अधिक दुर्घट असतात, हे मान्य; पण प्रत्येक दाराशी पोचताच प्रथम ड्रिल बाहेर काढणारा कारागीर हा पोट दुखते म्हणताच चाकू परजणाऱ्या वैद्याच्या जातीचा समजावा. याउलट मंडईलगत पदपथावर, पत्र्याची भली मोठी किल्ली टांगून, कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा आणि कानस घेऊन वर्षानुवर्षे बसणारा जो चावीवाला असतो, त्याच्यापाशी प्रशस्तिपत्रे नसली तरी एक गोष्ट असते, ती ही की उद्या सकाळीही त्याला तेथेच बसावयाचे असते. सचोटीला याहून मोठा जामीन आम्ही तरी पाहिलेला नाही.

आता कायद्याकडे वळावे, तर तेथेही एक दार उघडे आणि एक ओढून घेतलेले. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६ मोठ्या दयार्द्रतेने सांगते की, मानसिक वा शारीरिक क्लेशामुळे ज्याची बुद्धी तात्पुरती बाधित झाली आहे त्याच्या मनावर हुकमत गाजवून गैरवाजवी लाभ उकळला असल्यास तो करार अनुचित दबावाचा होय. हे वाचून बनियनवरचा आमचा गृहस्थ सुखावतो न सुखावतो तोच त्याच कलमाखालच्या उदाहरणांत एक बँकर भेटतो: बाजारात पैशाची टंचाई असताना त्याने असाधारण चढे व्याज मागितले आणि ऋणकोने ते कबूल केले, तर तेवढ्यावरून दबाव सिद्ध होत नाही, तो नेहमीचा व्यवहारच होय. आमच्या कुलूपमोचकांपैकी कोणी हे उदाहरण वाचले असेल असे नाही. पण त्यांचे आचरण त्यावर बेतलेले दिसते. जर्मनीत या उपद्रवाने इतका कळस गाठला होता की, तेथे तो केवळ दिवाणी प्रश्न राहिला नाही, तर दंडसंहितेतील नडलेल्याच्या लुबाडणुकीच्या कलमाखाली फौजदारी खटले चालले; आणि जानेवारी २०२० मध्ये कार्ल्सरुह येथील संघीय न्यायालयाने, घराबाहेर कोंडले जाणे हीच मुळी नडलेली अवस्था होय, मग आत दूध उतू जात असो वा नसो, असा निर्वाळा दिला. न्यायमूर्तींपैकी कोणाचे दार कधी वाऱ्याने ओढले गेले होते की काय, हे निकालपत्रात नमूद नसणार.

आपल्याकडे जुलै २०२० पासून अमलात आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र हाताशी आहे, आणि त्यात विकलेल्या मालाची वा दिलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा गणलेली आहे. म्हणजे जी पावती मागण्यास गृहस्थ लाजत होता, तिचा नकार हाच त्याच्या फिर्यादीचा पहिला पुरावा. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तिला शुल्क पडत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गाऱ्हाणे नोंदवता येते. परंतु आयोगापुढे काही दाखवावे लागते. आणि जो गृहस्थ घाईत रोख मोजतो, फुटलेला सिलिंडर कचऱ्यात टाकतो आणि कारागिराचे नावही विचारत नाही, त्याच्या बाजूने फक्त सत्य उरते, जे दप्तरी दाखल होत नाही. म्हणून ड्रिल सुरू होण्यापूर्वीच करासह एकूण आकडा शेजाऱ्यासमक्ष वदवून घ्यावा, जमल्यास संदेशाने लेखी मागवावा, आणि ‘बघून सांगतो’ म्हणणाऱ्याला भेटीचे ठरलेले पैसे देऊन परत धाडावे. नंतर आकडा फुगलाच तर ठरला तेवढाच यूपीआयने द्यावा, म्हणजे नोंद राहते. जुन्या कुलपाचे तुकडे जपावेत, त्यांचे छायाचित्र घ्यावे. भाषा दमदाटीची झाल्यास ११२. आत लहान मूल अडकले असेल किंवा शेगडी पेटती राहिली असेल, तर चावीवाल्याशी घासाघीस करीत न बसता १०१ फिरवून अग्निशमन दलाला बोलवावे; असली दारे उघडणे हे त्या दलाचे नित्याचे काम आहे.

एवढे सगळे अनवाणी अवस्थेत आठवणे कठीण, हे आम्ही जाणतो. यास्तव सर्व गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी मंडळांस विनंती की, येत्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या वादातून सवड मिळाल्यास, आसपासच्या एका खात्रीच्या चावीवाल्याशी दिवसाचा व रात्रीचा दर आधीच ठरवून, तो दर आणि त्याचा क्रमांक जिन्याखालच्या फलकावर लावावा. आणि सभासदांनीही ज्या शेजाऱ्याशी अद्याप बोलणे आहे अशाकडे एक जादा किल्ली ठेवावी. १९१५ हा क्रमांक त्याच फलकावर लिहावा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत असले उपयुक्त क्रमांक स्वयंपाकघरातील फ्रिजवर, म्हणजे बंद दाराच्या आत, चिकटवलेले असतात.