माद्रिदहून काकांस: भूतकाळाची तक्रार

ती. काकांस,


स्पॅनिशच्या नियमित क्रियापदालाही भूतकाळात सहा रूपं असतात, हे कळल्यावर ‘पोरांचं कसं व्हायचं’ अशी काळजी तुम्हांला वाटणं साहजिक आहे. पण काका, उभा जन्म नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढलेल्या माणसाने तरी सहा रूपांना भिऊ नये. ‘छापणं’ हेच क्रियापद घ्या. स्पॅनिशमध्ये ते इंप्रिमिर, आणि भूतकाळात अगदी सरळमार्गी: मी इंप्रिमी, तू इंप्रिमिस्ते, तो किंवा ती इंप्रिमिओ, आम्ही इंप्रिमिमोस, तुम्ही इंप्रिमिस्तेइस, ते इंप्रिमिएरोन. छापणारा कोण, एवढंच हे क्रियापद विचारतं. तो बाई की बुवा, छापलं काय, किती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शेवटी ‘एर’ असलेल्या नियमित क्रियापदांनाही हेच प्रत्यय लागतात. ‘आर’वाल्यांचा संच तेवढा वेगळा. म्हणजे दोन संच पाठ केले की नियमितांचा कारभार आटोपला.

आता आपल्याकडे बघा. मी नोट छापली, नोटा छापल्या, फॉर्म छापला, तिकीट छापलं. छापणारा मीच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते नोटेचं लिंग-वचन तपासत बसतं. समोर ‘तू’ आला की आणखी गंमत. ‘तू नोटा छापल्यास’ यात ‘ल्या’ नोटांचा आणि ‘स’ तुझा, म्हणजे एकच नोकर दोन मालकांची चाकरी करतो. ‘पोलिसांनी चोरांना पकडलं’ म्हटलं, तर ते कोणाचंच ऐकत नाही. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचा एवढा खल केला, तो हौस म्हणून नव्हे. त्यात पिणं, शिकणं, विसरणं यांसारखी काही सकर्मक क्रियापदं फितूर होऊन कर्त्याला मिळालेली: मी चहा प्यायलो, मी धडा विसरले. नाशिककडची माणसं ‘चहा पिला’ म्हणतात आणि शुद्धलेखनवाले कपाळाला हात लावतात. माझ्या मते ती बिचारी अपवादाला नियमात आणायला बघतात.

तुम्ही म्हणाल, मराठी आईच्या दुधाबरोबर येते, स्पॅनिश पाठ करावी लागते. कबूल. पण अवघड काय आणि अनोळखी काय, हा फरक करायला हवा. स्पॅनिशमध्ये एकदा घडलेल्याला इंप्रिमिओ आणि नेहमी घडायचं त्याला इंप्रिमिआ, असे दोन भूतकाळ आहेत, हाही आक्षेप येतो. मग आपण ‘त्याने छापलं’ आणि ‘तो छापायचा’ यांत वेगळं काय करतो? माद्रिदकडे आज सकाळच्या कामाला बहुधा तिसरंच रूप वापरतात. ते आपल्या ‘छापलं आहे’च्या जवळचं. अनियमितांची भीतीही आपण घालू नये. जाणं आणि असणं या दोन्हींना ‘फुई’ हे एकच रूप, हे विचित्र खरं. पण ‘जा’चं ‘गेला’ आणि ‘हो’चं ‘झाला’ करणाऱ्यांनी हसावं कशाला?

खरी अडचण आघाताची. ‘आब्लो’ म्हणताना जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या ‘ओ’वर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत जोर कुठेही द्या, भांडण वाढेल, काळ बदलणार नाही. त्यामुळे इथे आपल्या कानाला नवं वळण लावावं लागतं, आणि काळजी करायचीच तर याची करा.

एका बाबतीत मात्र तुमच्यातला प्रेसवाला हरकत घेणार. इंप्रिमिमोस म्हणजे ‘आम्ही छापतो’ही आणि ‘आम्ही छापलं’ही, आघातसुद्धा तोच. 1928 पासून नोटा छापणाऱ्या गावाला हा घोळ परवडायचा नाही. स्पॅनिश माणूस पुढे-मागे ‘आयेर’, म्हणजे ‘काल’, घालून वेळ निभावतो. शिफ्टच्या हिशेबाला तेवढं चाललं असतं का, ते कळवा.

काकूंना नमस्कार.

आपला,
पुतण्या